फसलेल्या माणसाचा दोष किती?

पैसे दुप्पट करून देणारी एखादी कंपनी बुडाली की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘सरकार काय झोपा काढत होते?’ हे एक. ‘एवढी हाव धरायची कशाला?’ हे दुसरे. एसटीच्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात, सगळीकडे हीच दोन वाक्ये. गंमत म्हणजे पुष्कळदा एकच माणूस दोन्ही बोलतो. पैसे स्वतःचे गेले असतील तर पहिले, शेजाऱ्याचे गेले असतील तर दुसरे.

या दोन वाक्यांच्या मागे एक खरा नैतिक प्रश्न आहे. कष्ट करून मिळवलेला पैसा शहाण्यासुरत्या माणसाने कुठे घालावा, हे सरकारने ठरवावे काय? ठरवू नये असे म्हटले, तर पैसा बुडाल्यावर त्याने सरकारच्या दारात जावे काय? आणि ज्याने त्याला त्या योजनेत आणले, त्याचे काय?

बंधुभगिनींनो, जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न नुसता चर्चेचा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात भात, नाचणी, वरई होते आणि दिवाळीनंतर कित्येक पाडे रिकामे होतात. माणसे वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाच्या आधी परत येतात. परतताना हातात थोडी रोकड असते. गावात शिक्षक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, कुणाला निवृत्तीची रक्कम मिळालेली आहे, कुणाच्या जमिनीचा मोबदला आलेला आहे. बँकेची शाखा दूर, आणि तिथले व्याज ऐकून कुणाचे डोळे चमकत नाहीत. ‘संधी’ विकणाऱ्याला हे सगळे ठाऊक असते. कोणत्या महिन्यात कोणत्या पाड्यावर पैसा असतो, हे त्याला कधीकधी तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

आणि हा विकणारा परका नसतो. कंपनी परकी असते, पण माणूस आपला असतो. तो मामा असतो, मेहुणा असतो, आश्रमशाळेत आपल्या शेजारी बसलेला मित्र असतो, गायनवृंदात आपल्याबरोबर गाणारा असतो. तो आपल्या ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि सांगतो, ‘मी स्वतः भरले आहेत, मला मिळाले आहेत.’ बहुतेक वेळा तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच पहिले दोन-तीन हप्ते मिळालेले असतात. सावकाराशी बोलताना आपण सावध असतो. मामाशी बोलताना कोण सावध असतो?

संधीचे रूप काळानुसार बदलते. १९९० च्या दशकात सागवानाच्या झाडांच्या योजना देशभर निघाल्या. रोप आज घ्या, वीस वर्षांनी श्रीमंत व्हा, असा त्यांचा सूर. त्यातल्या पुष्कळ बुडाल्यावर १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम केले. मग जमिनीच्या नावावर हप्ते घेणारे आले, मग मोबाइलवर जाहिराती बघून पैसे मिळवा म्हणणारे आले, मग कोंबड्या आल्या.

कोंबड्यांचे प्रकरण जरा नीट पाहण्यासारखे आहे. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली काळ्या मांसाची कोंबडी. जात अस्सल आहे, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांकडून रक्कम घेऊन त्यांना पिल्ले दिली आणि अंडी व वाढलेले पक्षी आपणच चढ्या भावाने परत घेऊ असा शब्द दिला. सुरुवातीच्या काहींना पैसे मिळाले. ते पाहून बाकीचे आले. २०१९ मध्ये सगळे ठप्प झाले. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांच्या खुराड्यांत कोंबड्या तशाच राहिल्या. त्यांना रोज खाद्य लागत होते आणि बाजारात तो भाव द्यायला कुणी तयार नव्हते. कोंबडी खरी होती. शेड खरी होती. पहाटे उठून खाद्यपाणी करणाऱ्या बाईचे कष्टही खरे होते. फक्त त्या भावाला घेणारे गिऱ्हाईक एकच होते, आणि ते म्हणजे खुद्द ती कंपनी.

या शेतकऱ्यांना आपण हावरे म्हणणार का? जोडधंदा करा, नवीन काही शिका, नुसते भातावर अवलंबून राहू नका, हे तर त्यांना सगळेच सांगत आले होते. सभांतून सांगितले जाते, शिबिरांतून सांगितले जाते, प्रवचनांतूनही सांगितले जाते. त्यांनी ते ऐकले.

साखळी योजनांचे गणितही एकदा कागदावर करून पाहू. मुलांच्या वहीचे एक पान पुरे होईल. पहिल्या ओळीत एक माणूस. त्याने दोघे आणायचे, त्या दोघांनी प्रत्येकी आणखी दोघे. दहाव्या ओळीत ५१२ माणसे होतात आणि तोवर सगळे मजेत असतात. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३ हजार आणि जव्हारची सुमारे १ लाख ४० हजार होती. सतरावी ओळ भरता भरता मोखाडा तालुक्यातली माणसे संपतात. अठरावी भरता भरता तान्ह्या बाळांसकट दोन्ही तालुके संपतात. पुढच्या ओळीसाठी माणसे आणायची कुठून? शिवाय साखळी कुठेही थांबली तरी शेवटच्या ओळीत निम्म्याहून जास्त माणसे असतात. सतरा ओळींत एकूण १,३१,०७१ माणसे, त्यांपैकी ६५,५३६ एकट्या शेवटच्या ओळीत, म्हणजे ज्यांच्या खाली कुणीच नाही अशी.

मोठ्या सभागृहात टाय लावून बोलणारा वक्ता सांगतो, ‘जो मेहनत करेल तो जिंकेल, जो आळस करेल तो हरेल.’ वहीचे पान मात्र वेगळेच सांगते. सगळ्यांनी जिवापाड मेहनत केली तरी निम्म्याहून अधिक माणसांचे पैसे जाणारच, कारण योजनेची रचनाच तशी आहे. आणि हरलेल्याच्या गळ्यात आळसाचा दगड बांधला की तो तक्रार करायला पोलीस ठाण्यात जात नाही, शरमेने घरात बसतो. वैयक्तिक जबाबदारी हा चांगला शब्द आहे, पण इथे तो चोराच्या उपयोगी पडतो.

मग कायदा काय करतो? कायदे नाहीत असे नाही. बक्षीस चिट आणि पैसा फिरवणाऱ्या योजना यांवर संसदेने १९७८ मध्येच बंदी घातली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याला एमपीआयडी म्हणतात. ठेवी बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे देता यावेत, हा त्याचा हेतू. २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले आणि पिरॅमिड योजनांना त्यांत स्पष्ट मनाई झाली. आणि एवढे सगळे कागदावर असताना जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत टोरेस नावाच्या दागिन्यांच्या कंपनीची दुकाने बंद पडली. दादरसारख्या भर वस्तीत चकचकीत दुकान, दर आठवड्याला परतावा, आणि मागे हजारो गुंतवणूकदार. पोलिसांत गेलेला तक्रारदार दादरचाच एक भाजीविक्रेता होता. दिल्ली-मुंबईच्या कायद्याला दादरचे दुकान वेळेवर दिसले नाही, तर सूर्यमाळच्या पलीकडच्या पाड्यावर चाललेली बैठक त्याला कुठून दिसणार?

कायदा येतो तो सहसा घर लुटून झाल्यावर. पर्ल्स, म्हणजे पीएसीएल, या कंपनीचे उदाहरण फार मोठे आहे. शेतजमिनीच्या नावावर तिने देशभरातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये जमवले होते. सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये ते परत करण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जमिनी विकून पैसे परत करण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. दाव्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. हप्ता मात्र घरी येऊन, हातात रोख घेतला गेला होता. घेताना कंपनी ओट्यापर्यंत आली, परत मिळवताना माणसाला संगणकापर्यंत जावे लागले.

तेव्हा कायदे आणखी कडक करा, गरिबाला जोखमीच्या कोणत्याही धंद्यात पडूच देऊ नका, असे कुणी म्हणेल. पण संरक्षणाची ही बाजूही आपल्या भागाने अनुभवलेली आहे. पावसाळ्यात खायला नेलेले धान्य सुगीत दिढी-दुपटीने फेडायचे, नाचणी-वरई व्यापारी म्हणेल त्या भावाने घालायची, हा जुना फास तोडण्यासाठी १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ निघाले. पुढे १९७६ च्या कायद्याच्या आधाराने एकाधिकार खरेदी सुरू झाली. ठरावीक माल महामंडळानेच घ्यायचा, खासगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. हेतू उत्तम होता आणि काही प्रमाणात तो साधलाही. पण केंद्र उशिरा उघडते, बारदान संपलेले असते, पैसे हाती पडायला दिवस जातात, या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू आल्या. घरात मूल तापाने फणफणले असेल तर बाप महामंडळाच्या चेकची वाट पाहत बसत नाही. तो अंधार पडल्यावर गोणी उचलतो आणि पडत्या भावाने व्यापाऱ्याच्या घरी टाकतो. आधी तो फक्त नाडलेला होता. आता तो चोरून विकणाराही ठरला. विकण्याचा एकच दरवाजा उघडा ठेवायचा असेल, तर तो रोज आणि वेळेवर उघडला पाहिजे. नाहीतर ते संरक्षण गरिबालाच अडवते.

दुसरीकडे आपल्याकडच्या मोगऱ्याकडे पाहा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात कित्येक कुटुंबांनी मोगरा लावला. पहाटे कळ्या खुडायच्या, पिशव्या भरायच्या, गाडीने दादरच्या फूलबाजाराला पाठवायच्या. लग्नसराईत भाव चढतो, माल जास्त झाला की कोसळतो. २०२० च्या टाळेबंदीत बाजारच बंद होता. या धंद्यातही जोखीम आहे आणि नुकसानही झालेले आहे. तरी मोगरा लावणाऱ्याला सरकारने थांबवावे असे कुणी म्हणणार नाही. कारण त्याला जोखीम दिसते आहे. शेजारच्या वाडीत जाऊन तो झाड पाहू शकतो, खर्च विचारू शकतो, दादरचा कालचा भाव फोन करून कळतो. फुले घेणारे एकच गिऱ्हाईक नाही. नुकसान झाले तर ते त्याने डोळे उघडे ठेवून पत्करलेले नुकसान असते, आणि ते पत्करण्याचा त्याला अधिकार आहे. माणसाला मूल समजून वागवणे हाही एक प्रकारचा अपमानच आहे.

फरक जोखमीचा आणि फसवणुकीचा आहे. जोखमीत दोघांनाही तेवढेच ठाऊक असते. फसवणुकीत एकाला ठाऊक असते आणि तो ते लपवतो. ज्याच्यापासून माहिती लपवली, त्याला ‘तूच ठरवलेस, आता तूच भोग’ असे म्हणणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

पवित्र शास्त्रात मोशेच्या नियमांत व्यवहाराविषयी पुष्कळ सांगितलेले आहे आणि ते आपण सहसा घाईने वाचून पुढे जातो. गरिबाचे जाते गहाण घेऊ नये, कारण त्यावर त्याचे रोजचे दळण आहे. त्याचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, कारण रात्री तो अंगावर काय घेणार? कर्ज देऊ नका, घेऊ नका, असे तो कायदा म्हणत नाही. व्यवहार होऊ देतो, पण त्याला एक कुंपण घालतो. आणि लेवीयच्या पुस्तकात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्याला मनाई आहे. इथे नियम कुणासाठी आहे ते बघा. आंधळ्याने चालू नये, घरात बसावे, असे तिथे म्हटलेले नाही. नियम दगड ठेवणाऱ्यासाठी आहे.

सरकारी नियमांची कसोटीही मला हीच वाटते. विकणाऱ्याला खरे बोलायला लावणारा नियम चांगला. अमेरिकेतल्या व्यापार आयोगाचा २०१२ पासून असा एक नियम आहे. घरबसल्या धंद्याची संधी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला एका पानाचा कागद द्यायचा. तो स्वतः कोण, त्याच्यावर फसवणुकीचे खटले आहेत का, कमाईचा दावा तो कशाच्या आधारावर करतो, पैसे परत मिळण्याच्या अटी काय आणि आधी ज्यांनी ही संधी घेतली ते कोण, एवढे त्यात लिहायचे. कागद दिल्यावर निदान सात दिवस जाईपर्यंत सही किंवा पैसे घ्यायचे नाहीत. (मोठ्या साखळी विक्री कंपन्या त्या नियमातून बाहेर राहिल्या, हा भाग वेगळा. मोठा मासा जाळ्याचे भोक ओळखून असतो.) पण सात दिवसांची कल्पना फार शहाणपणाची आहे. एका आठवडी बाजारापासून दुसऱ्या आठवडी बाजारापर्यंतचा हा काळ. तेवढ्यात घरात बोलणे होते, बायको एखादा साधा प्रश्न विचारते, शहरात नोकरीला असलेला मुलगा रविवारी घरी येतो. म्हणूनच योजनावाला नेहमी म्हणतो, ‘आज रात्रीपर्यंतच आहे.’

आणि ज्यांनी असे म्हटले, की सरकारने मध्ये पडूच नये, ज्याचे त्याने पाहावे, त्यांनी अल्बेनियाकडे पाहावे. मदर तेरेसांचे घराणे ज्या लोकांतले, तोच हा छोटा देश. साम्यवादी राजवट गेल्यावर तिथे पैसे वाढवून देणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले आणि देशातल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांनी त्यांत पैसे घातले. काहींनी घरे विकली, काहींनी गुरे. १९९७ च्या सुरुवातीला त्या कोसळल्या, दंगली उसळल्या, शस्त्रागारे लुटली गेली आणि सुमारे दोन हजार माणसे मेली. त्यांत पैसे न घातलेल्यांचीही घरे होती. ‘ज्याचे त्याने’ इतके वेगळे नसते.

आता एक गोष्ट अशी, जी लिहिताना हात जड होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका कातकरी मजुराची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. मुलगा वारला, त्याच्या कफनासाठी पाचशे रुपये घेतले, आणि त्या पाचशे रुपयांपोटी त्याला मालकाकडे राबावे लागले, अशी कुटुंबाची तक्रार होती. शेवटी त्याने जीव दिला. पोलिसांनी वेठबिगार कायद्याखाली गुन्हा नोंदवला. वेठबिगारी बंद करणारा कायदा देशात १९७६ सालापासून आहे. म्हणजे पंचेचाळीस वर्षे तो कायदा होता. नव्हते ते पाचशे रुपये.

या माणसापुढे आपण वैयक्तिक जबाबदारी हा शब्द कसा उच्चारणार? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात कामगारांविषयी लिहिताना हाच मुद्दा मांडला होता. गरजेपोटी किंवा त्याहून वाईटाच्या भीतीने कामगाराने कडक अटी मान्य केल्या, तर त्याने हो म्हटले म्हणून तो करार न्याय्य होत नाही. आपल्या भागातली पुष्कळ ‘हो’ अशीच असतात. वीटभट्टीच्या मुकादमाची उचल घेतानाचा हो, औषधासाठी कर्ज घेतानाचा हो. आणि दामदुप्पट योजनेतला हो देखील नेहमी चैनीसाठी नसतो. कुणाला मुलीच्या नर्सिंगची फी भरायची असते. दोन वर्षांत दुप्पट झाले नाहीत तर ती फी भरता येणार नाही, हे त्याला आधीच माहीत असते.

याचा अर्थ माणसावर जबाबदारी नाही असा नव्हे. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धे राहते आणि लोक हसतात. शिष्य होण्याची किंमत सांगताना प्रभूने दिलेला तो दाखला आहे, पण व्यवहारातही तो लागू पडतो. बसून हिशेब करणे आपल्या हातात आहे. ही कंपनी पैसे कशातून मिळवते, हा एक प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ‘नवीन माणसे येतात त्यातून’ असे उत्तर आले तर वहीचे पान काढावे. उत्तर कळलेच नाही तरी पैसे देऊ नयेत. समजत नाही म्हणून लाजून सही करणे हा आपल्याकडचा मोठा रोग आहे.

पण स्वतःच्या पैशाची जबाबदारी मी दुय्यम मानतो. माझे पैसे मी बुडवले तर माझे घर अडचणीत येते. मी माझ्या बहिणीला, माझ्या वाडीतल्या विधवेला, बचत गटातल्या दहा बायकांना त्यात ओढले, तर ते फक्त पैशाचे प्रकरण राहत नाही. त्यांनी कंपनीवर विश्वास ठेवलेला नसतो, त्यांना तर कंपनीचे नावही नीट म्हणता येत नाही. त्यांनी विश्वास ठेवलेला असतो माझ्यावर. आजोबापणजोबांनी नाते जपून जो विश्वास मिळवला, तो कंपनी माझ्याकडून फुकटात विकत घेते आणि बदल्यात मला थोडे कमिशन देते. १९७८ चा कायदा या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा कडक आहे. योजना चालवणाऱ्याला तर तो अपराधी मानतोच, पण सभासद होणे, भाग घेणे, त्यासाठी पैसे घेणे किंवा पाठवणे यालाही मनाई करतो. ‘मी तर साधा मेंबर होतो’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही, आणि पापनिवेदनात टिकेल असेही वाटत नाही.

मग ज्याला सुरुवातीला पैसे मिळाले, त्याने काय करावे? हा प्रश्न मला एका तरुणाने विचारला होता. त्याचे म्हणणे, मी कुणाला फसवले नाही, मला कंपनीने दिले. पण कंपनीकडे नाचणीचे शेत नव्हते की कारखाना नव्हता. त्याला जे मिळाले ते त्याच्या खालच्या ओळीतल्या माणसांचे होते, आणि त्या ओळीत त्याची मावशी होती. यावर मी त्याला उत्तर दिले नाही, त्यालाही ते लागले नाही. एवढे मात्र खरे, की सगळे परत करणे जमत नसेल तरी बोलणे जमते. ‘मी तुला आणले, ते चुकले, चल, तुझ्याबरोबर तक्रार द्यायला मी येतो’ एवढे वाक्य. गावात हे वाक्य फार कमी ऐकू येते. सगळे गप्प बसतात, आणि तोच एजंट पुढच्या पावसाळ्याआधी दुसऱ्या पाड्यावर नवी योजना घेऊन उभा राहतो.

आपण बाकीचेही त्या गप्प बसण्याला हातभार लावतो. फसलेल्या माणसाला हसणे सोपे असते. तो हसण्याच्या भीतीने बोलत नाही, आणि तो बोलला नाही म्हणून पुढचा फसतो.

सरकार आणि एकटा माणूस यांच्या मधे आणखी कुणीतरी असते, हे आपल्या वादांत विसरले जाते. १९३१ च्या परिपत्रकात पोप पायस अकरावे यांनी सांगितले, की लहान समूहाला जे करता येते ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. मी ते उलट बाजूनेही वाचतो. आपल्याला जे करता येते, ते आपण दिल्लीवर ढकलू नये. आपल्याच धर्मप्रांतातले उदाहरण आहे. १९१८ मध्ये वसईच्या कॅथॉलिक लोकांनी आपली सहकारी संस्था काढली, तीच आजची बॅसिन कॅथॉलिक बँक. त्या काळी सहकाराचा कायदा सरकारचा होता, नोंदणी आणि हिशेबतपासणी सरकारची होती, पण पैसे आणि भरवसा गावच्या शेतकऱ्यांचा होता. कायद्याने शिस्त दिली आणि माणसांनी एकमेकांची जामीनकी घेतली. दोन्हींपैकी एक नसते तर ती संस्था उभी राहिली नसती. आपल्या धर्मग्रामात बँक काढायला कुणी सांगत नाही. पण कफनाला, बाळंतपणाला, औषधाला अडलेल्या घराला त्याच रात्री हजार-दोन हजार रुपये बिनव्याजी देता येतील एवढी पेटी आपण ठेवू शकतो की नाही, यावर बोलायला हवे. ती पेटी असती तर मुकादमाची उचल थोड्या घरांनी तरी नाकारली असती. अर्थात तिचाही हिशेब दर महिन्याला दारावर लावावा लागेल. चर्चची पेटी म्हणून विश्वास ठेवा, हे चालणार नाही.

सहकारी हा शब्दही डोळे मिटून घेऊ नये. बँकेतली ठेव फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याने सुरक्षित झाली आहे, सहकारी बँकेतलीसुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पाटीवर दोन्हींची नावे सारखीच वाटतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे.

ज्यांचे पैसे एखाद्या योजनेत अडकलेले आहेत त्यांनी पावत्या, पासबुके, बॉन्ड फेकून देऊ नयेत. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत, पावसाने शाई जाते. पैसे मोबाइलवरून पाठवले असतील तर त्याची नोंद काढून ठेवावी आणि फसवणूक ताजी असेल तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे मिळवून देतो म्हणून कुणी मूळ पावत्या मागायला आले तर झेरॉक्स द्यावी, मूळ कागद देऊ नये. बुडालेल्या योजनेच्या मागोमाग ‘वसुली करून देतो, आधी खर्चाचे पाचशे द्या’ म्हणणारा माणूसही फिरतो, आणि तोही बहुधा कुणाच्या तरी ओळखीचाच असतो.